चाकांवरच्या घराचा उतरलेला रंग

दिल्लीच्या चाणक्यपुरी भागात राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. १ फेब्रुवारी १९७७ रोजी ते सुरू झाले. तेथे जतन केलेल्या जुन्या वाहनांमध्ये तीन सलून डबे असे आहेत, की त्यांना डबा म्हणण्यापेक्षा चाकांवरचे घर म्हणणेच अधिक योग्य ठरेल. पहिला डबा १८७५ सालचा आहे. पुढे सातवे एडवर्ड म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसलेले युवराज त्या वर्षी हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हा त्यांच्यासाठी तो बांधण्यात आला. दुसरा १८८६ सालचा, बडोद्याच्या गायकवाड महाराजांचा. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी शेतकरी कुटुंबात जन्मलेले आणि दत्तक जाऊन बडोद्याचे अधिपती झालेले तिसरे सयाजीराव तेव्हा राज्यकारभार पाहत होते. तिसरा डबा १८९९ सालचा, म्हैसूरच्या महाराजांचा. प्रवास करता करता बसणे-उठणे, निजणे आणि भेटीगाठी घेणे शक्य व्हावे, हा या डब्यांमागील हेतू.

राजेमहाराजांचे दिवस गेले. परंतु चाकांवरच्या घराची हौस काही गेली नाही. आज तिला मोटरहोम किंवा कॅराव्हॅन असे म्हणतात. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. दिल्लीच्या आसपास टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीतील आसने काढून तीत बिछाना, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून घेणारी मंडळीही आढळतात. अशी गाडी वर्षातील थोडे दिवस रस्त्यावर धावते आणि उरलेले दिवस उघड्यावर उभी असते. दोन-चार उन्हाळे सरले, की तिच्या टपावर बोट फिरवताच बोटाला पांढरी भुकटी लागते. लाल गाडी गुलाबी दिसू लागते, पांढरी गाडी मळकट होते. मालकाला वाटते, रंग मेला. तो खरोखरच मेला आहे की नुसता झाकोळला आहे, हे ओळखता आले नाही, तर दोन्ही बाजूंनी नुकसान होते. वाचू शकणारा रंग खरवडून टाकला जातो, किंवा संपलेल्या रंगावर पैसा आणि श्रम वाया जातात.

चकाकी कशात असते?

वारा पडलेला असताना तळ्याच्या पाण्यात काठावरचे झाड स्पष्ट दिसते. वाऱ्याची झुळूक आली, की झाड दिसेनासे होते. पाणी तेच असते, प्रकाशही तोच असतो; बदललेला असतो तो केवळ पाण्याचा पृष्ठभाग. सपाट पृष्ठभागावरून प्रकाशाचे किरण एका दिशेने, शिस्तीने परततात. खडबडीत पृष्ठभागावरून ते वाटेल तिकडे विखुरतात. गाडीच्या रंगाचेही असेच आहे. ज्या रंगात आपला चेहरा दिसतो, तो रंग अतिशय सपाट असतो. हा सपाटपणा डोळ्यांना दिसत नाही, कारण दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते, आणि तेवढ्या मापाचे खाचखळगेही प्रकाश विखुरण्यास पुरेसे होतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. चकाकी बाटलीत भरून विकता येत नाही. बाटलीतून जे मिळते, ते एकतर खळगे तात्पुरते बुजवते, नाहीतर खळग्यांच्या भोवतालचे उंचवटे झिजवून पृष्ठभाग पुन्हा एका पातळीवर आणते. पहिल्या उपायाने रंगाचे काही जात नाही आणि काही उरतही नाही. दुसऱ्या उपायाने खरी चकाकी येते, परंतु रंगाचा एक पातळ पापुद्रा कायमचा निघून जातो.

मराठी घरांत लेकीला लग्नात दिलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांवर नाव घालण्याची रीत होती. ही भांडी चिंचेने आणि राखेने घासून लख्ख ठेवली जात. आजीच्या काळी बोटाला खोल लागणारी अक्षरे नातीच्या हाती येईपर्यंत पुसट झालेली असतात. भांडे चकचकीत असते, पण नाव वाचता येत नाही. पितळेची जाडी पुष्कळ, म्हणून तिथे पिढ्या लागतात. मोटारीच्या रंगाला तेवढी सवलत नसते.

रंग का उतरतो?

रंग मुख्यतः दोन घटकांचा बनतो. छटा देणारी बारीक पूड हा एक. ती पूड धरून ठेवणारी राळ हा दुसरा. राळ म्हणजे लांबलचक रेणूंच्या साखळ्यांचे जाळे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण या साखळ्यांचे दुवे तोडतात आणि हवेतील ऑक्सिजन तुटलेल्या टोकांशी संयोग पावतो. उष्णतेने ही क्रिया अधिक वेगाने घडते. वरच्या थरातील राळ झिजली, की आतील पूड उघडी पडते. बोटाला लागते ती हीच भुकटी. खडूसारखी दिसते म्हणून कारागीर ‘रंगाने खडू धरला’ असे म्हणतात. छटा फिकी पडणे ही मात्र निराळी गोष्ट होय. काही रंगद्रव्ये, विशेषतः लाल आणि पिवळ्या छटांपैकी काही, स्वतःच प्रकाशाने विरघळल्यासारखी फिकी होतात. खडू धरलेला रंग घासून परत मिळवता येतो, कारण खाली न बिघडलेला रंग असतो. फिकेपणा खोलवर गेला असेल, तर कितीही घासले तरी जुना लाल रंग परत येत नाही.

दिल्लीचे हवामान रंगाच्या बाबतीत फार कठोर आहे. जूनच्या मध्यान्ही तेथे सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. त्यामुळे टप आणि बॉनेट यांच्यावर ऊन सरळ पडते, तर दरवाजांवर तिरपे. एकाच गाडीचे दरवाजे तुकतुकीत आणि टप मात्र भुरकट, हे दृश्य म्हणूनच नेहमीचे आहे. मे-जूनमध्ये पश्चिमेकडून धुळीची वादळे येतात. दिल्लीकर त्यांना ‘आंधी’ म्हणतात. हिवाळ्यात धूर आणि धुके एकमेकांत मिसळतात, आणि पहाटेचे दव पडते तेव्हा धुरातील गंधकाची आणि नायट्रोजनची आम्लधर्मी संयुगे त्यात उतरतात. दव वाळते, आम्ल मागे राहते. कबुतरांची विष्ठा तर याहून जहाल. ती उन्हात तापलेल्या रंगावर एक-दोन दिवस राहिली, तरी खाली डाग नव्हे, खड्डा पडतो.

या सर्वांत भर टाकतो तो माणसाचाच हात. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथील वसाहतींत रोज सकाळी गाड्या पुसणारी माणसे येतात. एक बादली, एक फडके आणि पंधरा-वीस गाड्या. पाणी अपुरे, वेळ त्याहून अपुरा. म्हणून रात्रभर बसलेली धूळ कोरड्या किंवा अर्धवट ओल्या फडक्याने पुसली जाते. या धुळीत वाळूचे कण असतात. वाळूतील स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झ, काचेपेक्षाही कठीण असतो. रंग तर काचेहून कितीतरी मऊ. ते फडके नकळत पॉलिश पेपराचेच काम करते. उन्हात उभे राहून अशा गाडीकडे पाहिले, तर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य गोल रेषा दिसतात. दोष त्या पुसणाऱ्याचा म्हणावा, तर त्याला महिन्याकाठी मिळणारे पैसे आणि बादलीभर पाणी यांचाही हिशेब मांडावा लागेल. गाडी रोज पुसलीच पाहिजे, असा मालकाचा आग्रह असतो. ती तशीच धुळीत उभी राहिली असती, तर रंगाचे त्याहून कमी नुकसान झाले असते.

रंगाचे थर

गायकवाडांचा सलून डबा ज्या काळात बांधला गेला, त्या काळी डबे आणि बग्ग्या रंगवणे हे आठवडेच्या आठवडे चालणारे काम होते. लाकडावर शिशाचे अस्तर द्यावयाचे, ते वाळले की प्युमिस नावाच्या सच्छिद्र ज्वालामुखी दगडाने पाणी लावून घासावयाचे, पुन्हा अस्तर, पुन्हा घासणे. मग रंग, आणि शेवटी जवसाचे तेल व राळ यांपासून केलेल्या वॉर्निशचे अनेक हात. प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबणे भाग असे. अशा रीतीने आलेल्या चकाकीला खोली असे. १९२०च्या दशकात अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीने ‘ड्युको’ नावाचा झटपट वाळणारा रंग बाजारात आणला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. आपल्याकडील गॅरेजांत फवाऱ्याने दिलेल्या कोणत्याही रंगाला आजही ‘ड्युको’ म्हणतात, ते या कंपनीच्या नावाचे अवशेष.

आजच्या मोटारीवर बहुधा चार थर असतात. पत्र्यालगत गंजापासून बचाव करणारे अस्तर, त्यावर पृष्ठभाग सारखा करणारा थर, त्यावर छटा देणारा रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक थर, ज्याला कारागीर ‘क्लिअर’ म्हणतात. चारही थर मिळून सुमारे १०० ते १५० मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे सगळा रंग मिळून दोन केसांएवढाच. त्यातील वरचा क्लिअर अवघा ४० ते ५० मायक्रॉन, अर्थात एका केसाहूनही बारीक. ऊन शोषून घेणारी द्रव्ये याच थरात मिसळलेली असतात. जोरकस घासकामात यातील काही मायक्रॉन सहज निघून जातात. अशी घासकामे गाडीच्या आयुष्यात किती वेळा करता येतील, याचा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा. चांगला कारागीर घासण्यापूर्वी थराची जाडी मोजणारे छोटे यंत्र पत्र्यावर टेकवून पाहतो. पुष्कळ ठिकाणी मात्र ‘चमकवून द्या’ एवढाच हुकूम असतो आणि तो पाळला जातो.

मोटरहोमच्या भिंती पुष्कळदा पत्र्याच्या नसून फायबरच्या, म्हणजे काचतंतू आणि पॉलिएस्टर राळ यांच्या मिश्रणाच्या असतात. त्यांच्यावर वेगळा रंग न देता साच्यातच रंगीत राळेचा एक थर घेतला जातो. त्याला जेलकोट म्हणतात. जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, म्हणजे क्लिअरच्या दहापट. तो अधिक सच्छिद्र असल्याने लवकर खडू धरतो. परंतु जाडी अधिक असल्याने घासणेही अधिक सोसतो. अनेक वर्षे उन्हात उभी राहून पांढरीफटक झालेली फायबरची गाडी पुन्हा आरशासारखी झालेली पाहून लोक चकित होतात, त्यामागचे कारण हे आहे. पत्र्याच्या गाडीकडून तशीच अपेक्षा धरणे योग्य नव्हे.

हात लावण्यापूर्वी

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी परीक्षा करावी. गाडीच्या एखाद्या आडबाजूला, दाराच्या खालच्या कडेशी, पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन घासून पाहावे. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर वर क्लिअर नाही, रंगाचा थर उघडाच आहे, असे समजावे. रंग लागला नाही, तर क्लिअर आहे. मग तो भाग ओला करून पाहावा. पाणी खळगे भरून काढते, त्यामुळे ओलेपणी दिसणारा रंग हा घासकामानंतर दिसू शकणाऱ्या रंगाचा साधारण अंदाज देतो. ओला केल्यावरही रंग फिकाच दिसत असेल, तर घासण्याने त्यात फारसा फरक पडणार नाही. शेवटी बोटाचे नख हलकेच फिरवावे. ज्या ओरखड्यात नख अडकते, तो ओरखडा घासून जाणार नाही. तो घालवू पाहणारा क्लिअरच घालवून बसतो. क्लिअरचे पोपडे निघू लागले असतील, तर तिथे घासकामाचा विषयच संपतो. तो भाग पुन्हा रंगवावा लागतो.

अनेक ठिकाणी झटपट चमक आणण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल लावलेले फडके गाडीवरून फिरवतात. जुनी गाडी विकण्याच्या दिवशी हा उपाय विशेष लोकप्रिय असतो. तेल खळग्यांत भरते आणि ओल्या पृष्ठभागासारखा परिणाम साधते. दोन दिवसांनी तेल उडते, जे उरते त्याला धूळ चिकटते, आणि गाडी पूर्वीहून मळकट दिसते. जुनी गाडी घेताना ती संध्याकाळच्या दिव्यात न पाहता भर उन्हात, कोरडी असताना पाहावी, असे जाणकार सांगतात, त्याचे इंगित यात आहे.

घासकाम

सुरुवात धुण्यापासून. गाडी सावलीत घ्यावी आणि पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबावे. आधी नुसते पाणी भरपूर सोडून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. मग साबणाचे पाणी आणि मऊ स्पंज घेऊन टपापासून खाली यावे. स्पंज खळबळण्यासाठी वेगळी बादली ठेवावी, म्हणजे काढलेली वाळू पुन्हा गाडीवर जात नाही. गुरुग्राम, नोएडा या भागांत पुष्कळ ठिकाणी बोअरचे पाणी वापरले जाते. ते दुष्फेन असते, म्हणजे त्यात चुन्याचे व तत्सम क्षार पुष्कळ असतात. असे पाणी गाडीवर वाळू दिले, तर पांढरे ठिपके उमटतात आणि ते साबणाने जात नाहीत. म्हणून धुऊन झाल्यावर लगेच मऊ कपड्याने टिपून घ्यावे.

धुतलेल्या रंगावरून तळहात फिरवला, तर कधी कधी बारीक खरखर जाणवते. रंगात रुतून बसलेले कण असतात ते: ब्रेक घासल्याने उडालेला लोखंडाचा चुरा, डांबर, झाडांचा चीक. रेल्वेच्या डब्यांवर हा लोखंडी चुरा गंजून तांबूस ठिपक्यांच्या रूपाने दिसतो. मळलेल्या कणकेसारखा चिकट गोळा मिळतो, त्याला क्ले म्हणतात. साबणाच्या पाण्याने ओल्या केलेल्या रंगावरून तो अलगद सरकवला, की हे कण त्यात अडकून निघतात. गोळा जमिनीवर पडला तर सरळ टाकून द्यावा. चिकटलेली वाळू त्यातून कधीच पूर्ण निघत नाही.

आता खरे घासकाम. रबिंग कंपाउंड म्हणून जे मिळते, ते अॅल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण पदार्थाच्या पुडीचे मलम असते. प्रथम जाड पूड, मग बारीक, मग अतिबारीक, या क्रमाने जावयाचे. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याने पाडलेले ओरखडे पुसतो आणि स्वतःचे, त्याहून बारीक, ओरखडे मागे ठेवतो. शेवटचे ओरखडे इतके सूक्ष्म असतात की प्रकाश त्यांच्यावर विखुरत नाही. त्यालाच आपण चकाकी म्हणतो. मधला टप्पा गाळणारा कारागीर वेळ वाचवतो, पण मग जाड ओरखडे अतिबारीक मलमाने जात नाहीत आणि उन्हात ते दिसत राहतात. जेलकोट फारच खराब झाला असेल, तर मलमापूर्वी १००० किंवा १५०० क्रमांकाचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरतात. क्रमांक जितका मोठा, तितका कागद बारीक. पत्र्यावरील क्लिअरला मात्र कागद लावण्याचे धाडस नवशिक्याने करू नये.

नियम असा, की सर्वांत सौम्य मलमाने आरंभ करावा आणि त्याने भागले नाही तरच जाड मलमाकडे वळावे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी याच्या उलट चालते, कारण जाड मलमाने फरक चटकन दिसतो आणि गिऱ्हाईक समोर उभे असते.

यंत्राने घासताना आणखी दोन धोके संभवतात. फिरणारी गादी एका जागी रेंगाळली, तर घर्षणाने रंग तापून जळतो. तसेच बॉनेटच्या कडा, दाराची उठावाची रेषा, चाकावरची कमान, अशा ठिकाणी रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि गादीचा दाब तिथेच जास्त पडतो. अनुभवी कारागीर या कडांवर आधी कागदी चिकटपट्टी लावून टाकतो आणि शेवटी पट्टी काढून त्या हाताने पुसतो. करोल बागेतील किंवा काश्मिरी गेटजवळील एखाद्या दुकानासमोर कोणी गाडी घासत असेल, तर त्याच्या हाताकडे न पाहता कडांकडे पाहावे. त्याला काम येते की नाही, ते तिथे कळते.

घासून झाल्यावर मेण. ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण यासाठी नावाजलेले आहे; कृत्रिम मेणेही चालतात. मेणाने चकाकी येते असा समज आहे. वस्तुतः चकाकी घासकामाने आलेली असते. मेण पाणी, आम्ल आणि धूळ यांना काही काळ दूर ठेवते. दिल्लीच्या उन्हात हा काळ दोन-तीन महिन्यांहून अधिक धरू नये. जेलकोटला मेणाचा हात न देणे म्हणजे उघडलेली छिद्रे तशीच सोडून देणे होय. तो थोड्याच महिन्यांत पुन्हा खडू धरतो. सिरॅमिक कोटिंग या नावाने मिळणारे लेप मेणाहून पुष्कळ अधिक काळ टिकतात, पण ते ज्या पृष्ठभागावर बसतात त्यातील दोषही तितकाच काळ टिकवून धरतात.

श्वासाचा प्रश्न

घासणाऱ्याच्या आरोग्याविषयी पुस्तकांत क्वचितच लिहिले जाते. जुन्या रंगांत शिसे असे. भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर मर्यादित केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून त्या मर्यादेबाहेरच्या रंगांच्या विक्रीस बंदी आली. परंतु त्यापूर्वी रंगवलेल्या जुन्या बसगाड्या, ट्रक आणि डबे तसेच आहेत. असा रंग कोरडा घासला, की शिशाची धूळ श्वासावाटे आणि बोटांवाटे पोटात जाते, कपड्यांना लागून घरी पोहोचते, आणि मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या मेंदूला अधिक अपाय करते. म्हणून जुना रंग नेहमी ओला घासावा, गाळ झाडून न काढता पुसून काढावा, आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत.

पुन्हा रंगवण्याची वेळ आली, तर धोका बदलतो. आजच्या टिकाऊ रंगांत आयत्या वेळी हार्डनर मिसळतात. त्यात आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. फवाऱ्याच्या तुषारांबरोबर ती फुप्फुसांत गेली, तर दमा जडू शकतो. आणि एकदा शरीर त्यांना बिथरले, की पुढे अत्यल्प मात्राही पुरते. कित्येक रंगाऱ्यांना त्यामुळे व्यवसाय सोडावा लागतो. नाकातोंडावर रुमाल बांधण्याने यातले काहीही अडत नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा आणि हवा खेचून घेणारी बंद खोली, ही खरी व्यवस्था. गल्लीतील गॅरेजात ती बहुधा नसते. काम देणाऱ्याने दर विचारतानाच हेही विचारावे, निदान आपल्या मुलाला या कामावर पाठवताना तरी.

जतन करावयाची वाहने

संग्रहालयातील डब्यांना हे सारे जसेच्या तसे लागू करता येत नाही. मोटरहोमचा रंग मालकाचा असतो. तो घासून संपला तर दुसरा देता येतो. १८८६ सालच्या डब्यावरील रंगाचे थर मात्र कागदपत्रांसारखे असतात. धारदार पात्याने एखाद्या कोपऱ्यात पायऱ्यांसारखी छोटी खाच घेतली, तर डबा कोणकोणत्या काळी कोणत्या रंगाचा होता, हे एकाखाली एक वाचता येते. तो घासून लख्ख करणे म्हणजे वरचे पान फाडून खालचे पान चकचकीत करणे. म्हणून अशा डब्याला सावली, छप्पर आणि मऊ ब्रश यांचीच गरज अधिक. तो थोडा निस्तेज दिसला, तरी प्रेक्षकांनी नाराज होऊ नये.

धावणाऱ्या इंजिनाची गोष्ट वेगळी. लीड्स येथे १८५५ मध्ये बांधलेले ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन १९०९ मध्ये निवृत्त झाले होते. १९९७ मध्ये ते दुरुस्त करून दिल्ली-अलवर मार्गावर पुन्हा धावू लागले. राजधानी क्षेत्रातच रेवाडी येथे १८९३ सालची वाफेच्या इंजिनांची शेड आहे. तेथे जुनी इंजिने चालू स्थितीत राखली जातात. ऊन, वाफ, कोळशाचा धूर आणि पाऊस यांतून जाणाऱ्या यंत्राला रंग म्हणजे शोभा नसून गंजाविरुद्धचे कवच. ते पुन्हा पुन्हा रंगवावेच लागते, आणि तसे करण्यात इतिहासाची हानी आहे असे म्हणणे अतिरेकाचे होईल. ज्या वाहनावर कोणाची रोजीरोटी चालते, त्याचाही विचार याच न्यायाने व्हावा. तिथे चकाकी दुय्यम आहे. पत्रा उघडा पडू नये, हे पहिले.

राहिला प्रश्न ऋतूचा. मे-जूनमध्ये पत्रा इतका तापतो की मलम लावताक्षणीच वाळते. पावसाळ्यात हवेतील ओल नव्या रंगाखाली अडकते आणि पुढे फोड येतात. दिवाळीच्या सुमारास हवेत धूर आणि काजळी दाट असते, तर डिसेंबर-जानेवारीत दव वाळता वाळत नाही. फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा आरंभ, हा दिल्लीत या कामासाठी सर्वांत सोयीचा काळ. आणखी एक लाभ असा, की मेणाचा हात होळीपूर्वी बसतो. धुळवडीच्या दिवशी गाडीवर जे काही उडेल, ते मग बहुतेक वेळा साध्या पाण्याने धुऊन निघते.